शाश्वत वस्त्रोद्योग : नाममुद्रेमागचा हिशेब

कपड्यांच्या दुकानांत 'पर्यावरणपूरक', 'सेंद्रिय', 'नैसर्गिक रंगाचे' अशा चिठ्ठ्या लावलेले सदरे आणि कुर्ते आता सर्रास दिसतात. असा माल तयार करून स्वतःच्या नावाने विकावा, असे अनेक तरुण उद्योजकांनाही वाटते. मात्र चिठ्ठी लावल्याने असा ब्रँड उभा राहत नाही. कापूस पिकवणारा शेतकरी, सूत रंगवणारी स्त्री, विणकर आणि शिलाई कामगार यांपैकी प्रत्येकाला पुरेसा व वेळेवर मोबदला मिळतो काय, या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीतच सापडते. या दृष्टीने बंगळूरुचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

एका शहरातील दोन प्रवाह

बंगळूरु हे तयार कपड्यांच्या निर्यातीचे देशातील एक प्रमुख केंद्र होय. येथील शिलाई कारखान्यांतील कामगारांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधी काढण्यावर निर्बंध घालणाऱ्या नियमाविरुद्ध या हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला. अडीअडचणीला हाताशी येणारी ही रक्कम त्यांच्यासाठी किती मोलाची होती, हे त्यातून दिसून आले. त्यापूर्वी, २४ एप्रिल २०१३ रोजी, बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक जणांचा बळी गेला होता. स्वस्त कपड्याची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तेव्हापासून जगभर विचारला जाऊ लागला.

याच शहरात दुसराही एक प्रवाह आहे. शिवमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील हेग्गोडू येथे नाट्यदिग्दर्शक प्रसन्ना यांच्या पुढाकाराने 'चरखा' ही ग्रामीण स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. कन्नडमध्ये तिला 'चरक' म्हणतात. हातमागाचे सुती कापड, वनस्पतिजन्य रंग आणि गावातच शिलाई ही तिची वैशिष्ट्ये. परिसरात मुबलक पिकणाऱ्या सुपारीचा अर्कही रंगासाठी वापरला जातो. हे कपडे बंगळूरुच्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्यासाठी 'देसी' ही स्वतंत्र विक्रीसंस्था स्थापन झाली. उत्पादन गावात, विक्री शहरात आणि दोहोंचे हिशेब वेगळे, अशी ही रचना आहे.

कच्च्या मालापासून सुरुवात

नव्या उद्योजकाने पहिला निर्णय घ्यावयाचा तो धाग्याचा. सेंद्रिय कापसासाठी २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली प्रमाणीकरणाची व्यवस्था आहे. कापडाच्या पुढील प्रक्रियेसाठी 'गॉट्स' हे आंतरराष्ट्रीय मानक प्रचलित आहे. त्यानुसार वस्त्रात किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू असावे लागतात, तर नुसते 'सेंद्रिय' म्हणवण्यासाठी हे प्रमाण ९५ टक्के असावे लागते. सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि कामगारांचे हक्क यांच्याही अटी त्यात आहेत. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' उपलब्ध आहे.

लहान उद्योगाला हातमाग सोयीचा ठरतो, कारण तेथे थोड्या मीटरचेही काम करून घेता येते. गिरणीला मोठी मागणी नोंदवावी लागते. मात्र नैसर्गिक रंग म्हणजे आपोआप निर्दोष रंग नव्हे. रंग पक्का बसण्यासाठी हिरडा, तुरटी यांसारखे पदार्थ लागतात. क्रोमियमचे क्षार वापरल्यास रंग वनस्पतीचा असूनही सांडपाणी विषारी होते. रंगवताना पाणी आणि जळणही बरेच लागते. त्यांचा हिशेब ठेवणे आवश्यक आहे.

किंमत कशी ठरवावी?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सदऱ्यासाठी कापड ४९५ रुपये, शिलाई १५० रुपये, गुंड्या व इतर साहित्य ३० रुपये आणि व्यवस्थापन ७५ रुपये, असा एकूण ७५० रुपये खर्च येतो. विक्रीची किंमत, कर वगळून, १,३०० रुपये ठेवली आणि दुकानदाराला ३५ टक्के दिले, तर उत्पादकाच्या हाती ८४५ रुपये येतात. म्हणजे ९५ रुपये शिल्लक राहतात. आता सणाच्या हंगामात २० टक्के सूट दिली, तर किंमत १,०४० रुपये होते आणि उत्पादकाला अवघे ६७६ रुपये मिळतात. हा ७४ रुपयांचा तोटा बहुधा शिलाईच्या किंवा विणाईच्या मजुरीतून भरून काढला जातो. म्हणून मजुरी आधी निश्चित करावी आणि तीवरून किंमत काढावी. किंमत आधी ठरवून मजुरी कापू नये.

सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, हेही ध्यानात घ्यावे. हाताने बनवलेल्या वस्तूंना या करातून वगळावे, अशी मागणी प्रसन्ना यांनी २०१७ मध्ये बंगळूरुत उपोषण करून मांडली होती.

खेळत्या भांडवलाची अडचण

कापूस हंगामात खरेदी करावा लागतो, कापड मात्र वर्षभर विकले जाते. सूत, रंग, विणाई, शिलाई या प्रत्येक टप्प्यावर पैसा अडकतो. मजुरी मात्र थांबू शकत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात विक्री थंडावली, माल पडून राहिला आणि 'चरखा'ने आपण दिवाळखोरीत निघाल्याचे जाहीर केले. दोन दशकांहून अधिक काळाचे काम आणि ग्राहकांचा विश्वास असलेल्या संस्थेवरही अशी वेळ येते. हेतू शुद्ध असला तरी राखीव निधी, मर्यादित साठा आणि ग्राहकाकडून आगाऊ नोंदणी यांना पर्याय नाही.

दाव्यांची जबाबदारी

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार 'हरित' किंवा 'पर्यावरणस्नेही' यांसारख्या शब्दांना पडताळता येईल असा आधार द्यावा लागतो. 'नैसर्गिक कपडा' असे मोघम लिहिण्याऐवजी कापूस कोठला, रंग कशाचा, विणाई कोणत्या गावची हे लिहावे.

चौथ्या हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५ लाखांहून अधिक विणकर व पूरक कामगार असून त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. महाराष्ट्रात विदर्भाचा कापूस आहे, तसेच वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारखी १९३८ पासूनची ग्रामोद्योगाची परंपराही आहे. या साधनांवर नवी नाममुद्रा उभी करू पाहणाऱ्याने नाव आणि बोधचिन्ह ठरवण्याआधी मजुरीचा तक्ता तयार करावा. तो तक्ता ग्राहकासमोर ठेवता येत असेल, तर पुढची वाट बरीच सोपी होईल.