दोन तारखांच्या मधलं महाड

वर्षातून दोनदा महाड महाराष्ट्रभरच्या मोबाईलवर येतं. 20 मार्चला चवदार तळ्यामुळं आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनामुळं. त्या दिवशी पुरोगामी विचारांची तरुण मंडळी समाजमाध्यमांवर भरभरून लिहितात, जुनी छायाचित्रं फिरतात, भाषणांचे तुकडे ऐकवले जातात, विरोधकांशी रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. हे चांगलंच आहे. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींच्या पलीकडं महाड ठाऊक नसलेल्या हजारो मुलांपर्यंत ते याच वाटेनं पोचलं. पण या दोन तारखा सोडल्या तर सावित्री नदीच्या काठचं हे गाव आणि घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर या मंडळींच्या लिखाणात क्वचितच दिसतं. ज्यांना समतेची, संविधानाची आणि पर्यावरणाची मनापासून काळजी आहे त्यांच्या राजकीय प्राधान्यक्रमात नगरपालिका, ग्रामसभा आणि तहसील कचेरी इतक्या खाली का, हा प्रश्न महाडइतका नेमका दुसरीकडं कुठंच विचारता येणार नाही. कारण महाडचा लढा मुळात नगरपालिकेच्या एका ठरावाच्या अंमलबजावणीचा होता.

सी. के. बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. त्याला धरून महाड नगरपालिकेनं 1924 च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळं कागदावर खुलं झालं आणि तीन वर्षं कागदावरच राहिलं. ते प्रत्यक्षात उतरवायला रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, संभाजी गायकवाड अशी माणसं लागली. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून त्यांनी परिषदेची तयारी केली, वर्गणी गोळा केली. 19 आणि 20 मार्च 1927 च्या त्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. ज्या गावचं तळं त्यांच्यासाठी खुलं असल्याचा ठराव दप्तरात होता, त्याच गावात.

20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मंडपावर हल्ला झाला, माणसं जखमी झाली, तळ्यात पंचगव्याचे 108 घडे ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी लोकांना ठाऊक असतं. दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं, कारण आपली बाजू दुसऱ्यांच्या छापखान्यांवर सोडून चालणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज मोबाईलवर लिहिणारी पिढी त्याच परंपरेतली आहे आणि तिला तसं म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण तेवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र कोर्टाचा मान राखून स्थगित झाला. मग खटला. महाडच्या कोर्टाचा निकाल 1931 मध्ये, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा 1933 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाचा 17 मार्च 1937 रोजी. तिन्ही अस्पृश्यांच्या बाजूनं. तारखा, साक्षी, जुने दस्तऐवज, वकिलांच्या खेपा, अशी दहा वर्षं. या दहा वर्षांची जयंती कुणी साजरी करत नाही, आणि आजच्या पुरोगामी राजकारणाला नेमकी त्याच दहा वर्षांची शिकवण सर्वांत जास्त हवी आहे.

अलीकडचंच उदाहरण घ्या. 2024 च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक असल्याचं लोकांच्या नजरेस आलं. विरोध रास्त होता. आमदार जितेंद्र आव्हाड यांनी 29 मे रोजी महाडमध्ये आंदोलन केलं. त्यात बाबासाहेबांचं छायाचित्र असलेला कागदही फाडला गेला आणि त्यांनी माफी मागितली. पुढचे काही दिवस सारी चर्चा त्या फाटलेल्या कागदाभोवती फिरत राहिली. दोन्ही बाजूंनी हजारो पोस्ट पडल्या. आणि त्याच दिवसांत मसुद्यावर हरकती व सूचना पाठवण्याची मुदत चालू होती! नागरिकाच्या सहीनं, परिच्छेदाचा क्रमांक देऊन, हा भाग का वगळावा हे सांगणारी हरकत सरकारदप्तरी नोंदवणं हे त्या घडीला सर्वांत मोलाचं राजकीय काम होतं. त्याची आठवण करून देणारे आवाज होते, पण ते गदारोळात बुडाले.

मनावर घेतलं तर हीच मंडळी काय करू शकतात हे 2020 मध्ये दिसलं होतं. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा टाळेबंदीच्या काळात आला. देशभरच्या तरुणांनी तो वाचला, सोप्या भाषेत समजावून सांगितला, ईमेलचा नमुना तयार करून दिला. केंद्र सरकारकडं हरकती लाखोंनी गेल्या. मसुदा भारतीय भाषांत उपलब्ध करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं दिला आणि मुदतही वाढवली. माध्यम तेच होतं, माणसंही बरीचशी तीच. फरक एवढाच की तेव्हा रागाला पत्ता दिला गेला होता.

आता 22 जुलै 2021 कडे येऊ. महाबळेश्वरच्या डोंगरावर कोसळलेलं पाणी, सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे लोंढे आणि खाडीची भरती एकत्र आली आणि महाड शहर बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरडींनी बळी घेतले. वीज गेली होती, मोबाईलचे मनोरे बंद पडले होते, रस्ते अडले होते. तळियेत मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पुढचे काही आठवडे समाजमाध्यमांनी जे काम केलं त्याला तोड नाही. कुठं पिण्याचं पाणी हवं, कुठं चादरी, कोणत्या वाडीत अजून कुणी गेलेलं नाही याचे निरोप फिरत होते. पुण्या-मुंबईहून टेंपो भरून सामान आणि चिखल उपसायला मुलं येत होती. त्यांत पुरोगामी संघटनांची मुलं मोठ्या संख्येनं होती.

मग चिखल वाळला आणि पुराचा विषयही संपला. खरं काम तर तिथून पुढं होतं. सावित्रीच्या पात्रात साचलेला गाळ आणि बेटं, दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव, पूररेषा, इशारा देणारी यंत्रणा यांवर महाडची स्थानिक मंडळी निवेदनं देत राहिली, बैठकांना बसत राहिली, आणि गाळ काढण्याचं काम सुरू झालं ते त्यांच्या चिकाटीमुळं. तळियेच्या लोकांना म्हाडा घरं बांधून देणार ही घोषणा लगोलग झाली. किल्ल्या हातात पडायला वर्षं गेली. या मधल्या वर्षांत समाजमाध्यमांवरच्या किती पुरोगामी खात्यांनी तळियेचं नाव घेतलं? माझ्या वाचनात अगदी थोडी आली. आणि हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. 2005 च्या जुलैमध्ये याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथं दरडी कोसळून जवळपास दोनशे माणसं मेली होती. डोंगरउतारावरच्या वाड्यांत राहतं कोण, सपाट जमीन कुणाकडं आहे, पुनर्वसनासाठी जागा कुणाची घ्यायची हे सगळे समतेचेच प्रश्न आहेत. त्यांना आपत्ती व्यवस्थापन असं नाव पडलं म्हणून ते पुरोगामी राजकारणाच्या बाहेर जात नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका रखडल्या. पोलादपूर नगरपंचायतीची निवडणूक 2022 च्या सुरुवातीला उरकली, पण महाडसह बहुतेक नगरपालिकांवर आणि रायगड जिल्हा परिषदेवर काही वर्षं प्रशासक होता. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, तेव्हा कुठं चक्रं हलली. म्हणजे पुरानंतर शहर सावरण्याच्या बहुतेक काळात महाडकरांना जाब विचारायला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. ज्या नगरपालिकेच्या ठरावातून चवदार तळ्याचा लढा उभा राहिला, तिथं लोकांची सभाच भरत नव्हती. लोकशाही धोक्यात असल्याचं आपण रोज लिहीत होतो, तेव्हा तिचा हा तळमजला रिकामा होता. त्यावर मोहीम व्हायला हवी होती. झाली नाही.

यात नुसता आळस नाही. दिल्लीतल्या विषयावर लिहिलं तर देशभरातून प्रतिसाद येतो, वाडीच्या रस्त्याबद्दल लिहिलं तर शेजाऱ्याशी वाकडं येतं. मुंबईत बसून पंतप्रधानांवर टीका करणं सोपं आहे. ज्या सरपंचाच्या सहीशिवाय दाखला निघत नाही त्याला ग्रामसभेत हिशेब विचारणं अवघड. रायगडात गावकीचा धाक काय असतो हे वाळीत टाकलेल्या कुटुंबांना विचारावं. या जिल्ह्यातून अशा तक्रारी सातत्यानं येत होत्या, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो विधिमंडळात 2016 मध्ये संमत झाला आणि 2017 च्या जुलैपासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, आणि त्यामागं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पीडित कुटुंबांसोबत वर्षानुवर्षं केलेलं काम होतं. गावातला प्रश्न धरून राज्याच्या कायद्यापर्यंत जाता येतं, याचा हा घरचाच दाखला.

दुसरी अडचण चाकरमान्यांची. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतली लिहिती-बोलती तरुण पिढी नालासोपारा, डोंबिवली, पनवेलला असते. गावाशी नातं गणपती-शिमग्याचं आणि मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. मतदारयादीत नाव मुंबईला असलं की गावच्या ग्रामसभेत मत देता येत नाही. पण माहितीचा अधिकार कुठूनही वापरता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आपण रोज त्याहून लांब पोस्ट लिहितो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही माफ. मंत्रालय आणि अनेक कार्यालयांसाठी ऑनलाइन सोय आहे. प्रश्न नेमका असावा: अमुक आर्थिक वर्षात सावित्रीच्या पात्रातून दासगाव ते महाड या टप्प्यात किती गाळ काढला, तो कोणत्या गट क्रमांकात टाकला, मोजमाप पुस्तकाच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात. उत्तराची मुदत तीस दिवस. नाही आलं तर वीस रुपये भरून पहिलं अपील. अपिलात कंटाळा येतो, तिथंच बहुतेक जण सोडून देतात. ज्याला कंटाळा येत नाही त्याच्या हाती कागद येतो, आणि तो कागद गावातल्या माणसाला ग्रामसभेत मांडता येतो.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात, त्याआधी महिलांची सभा हवी, हे कायदा सांगतो. दरडप्रवण गावांची यादी जिल्हा प्रशासनाकडं आहे आणि तिच्यात महाड-पोलादपूरच्या गावांचा वाटा मोठा आहे. आपली वाडी तिच्यात आहे का, डोंगरावर नव्या भेगा दिसल्या का, झाडं कलली का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं का, पाऊस वाढला तर रात्री कुठं जायचं आणि त्या जागेची किल्ली कुणाकडं असते, हे विषय सूचक-अनुमोदकाच्या नावासह इतिवृत्तात लिहून घेता येतात. सभा संपण्यापूर्वी ठराव वाचून दाखवायला सांगावं, मगच उठावं. इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर आधीच सह्या घेण्याची रीत असेल तर तिला तिथंच हरकत घ्यावी.

मुंबई-गोवा महामार्गाबाबत कोकणच्या लोकांनी अशी चिकाटी दाखवली आहे. पत्रकारांची आंदोलनं, उच्च न्यायालयातल्या जनहित याचिका आणि खड्ड्यांचे फोटो टाकणारी तरुण पोरं ही तिन्ही एकाच विषयाला वर्षानुवर्षं धरून राहिली. काम अजून मनासारखं नाही, पण कशेडीचा बोगदा, पुलांची दुरवस्था, ठेकेदाराची मुदत यांवर सरकारला उत्तरं द्यावी लागली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या माणसांसह गेल्या. त्यानंतर वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. लोकांचं लक्ष टिकलं की सरकार वेगानं चालतं. पुरोगामी मंडळींनी मात्र हा रस्ता आपला विषय मानला नाही, आणि एसटीनं प्रवास करणाऱ्या गरिबाचा प्रश्न प्रादेशिक अस्मितेवाल्यांच्या हवाली केला. ही चूक सुधारण्याजोगी आहे.

20 मार्च 2027 रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. देशभरातून माणसं महाडला येतील, मोबाईलवर तर सगळेच असतील. त्या दिवशी अभिवादन करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. आपल्या गावच्या किंवा वॉर्डच्या अंमलात न आलेल्या एका ठरावाची माहिती आजच मागवा, ती हातात येईपर्यंत अपिलं करा, आणि मिळालेला कागद पुढच्या सभेत मांडा. कोणत्या कार्यालयात जायचं हे कळत नसेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दारावरचा जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाचा फलक पाहा. तो लावलेला नसेल तर पहिला अर्ज त्याचाच करा.