‘माल्टीज फाल्कन’मधील ओव्हरकोट

रहस्यपट पाहून बाहेर पडताना काही मंडळी हटकून म्हणतात, “आम्ही आधीच ओळखले होते!” काहीजण उलट कुरकुरतात, की शेवटी भलत्याच माणसाला खुनी ठरवून आपल्याला फसवले. खुणा दाखवल्या होत्या की दडवल्या होत्या, हा त्यातला खरा वाद. तो तपासून पाहावयास ‘द माल्टीज फाल्कन’ या १९४१ सालच्या कृष्णधवल अमेरिकन बोलपटाइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही. मात्र रहस्य फोडल्यावाचून ते समजावून देता येणार नाही. तेव्हा ज्यांना हा बोलपट अजून पाहावयाचा आहे, त्यांनी हे पान तूर्त मिटून ठेवावे.

मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची, १९३० ची. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेत नोकरीस होता. हेरगिरी हा पोटाचा धंदा कसा असतो हे त्याने पाहिले होते. वॉर्नर ब्रदर्सने ही कथा १९३१ व १९३६ साली पडद्यावर आणली होतीच. तिसऱ्या खेपेस ती जॉन ह्यूस्टनकडे आली. तोवर तो पटकथालेखक. दिग्दर्शनाची ही पहिलीच वेळ. हम्फ्री बोगार्टने सॅम स्पेड हा हेर उभा केला, तर सिडनी ग्रीनस्ट्रीट हा रंगभूमीवर मुरलेला नट साठी उलटल्यावर प्रथमच पडद्यावर आला.

कथा सॅन फ्रान्सिस्को शहरातली. एक तरुणी खोटे नाव सांगून स्पेडच्या कचेरीत येते आणि एका इसमावर पाळत ठेवावयास सांगते. त्या कामावर स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर जातो आणि त्याच रात्री मारला जातो. पुढे सोन्यारत्नांनी मढवलेल्या एका पक्ष्याच्या पुतळ्यामागे सगळे धावत सुटतात.

बोलपटभर जवळजवळ प्रत्येक प्रसंगात स्पेड हजर आहे. त्याला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते. आर्चरच्या मृत्यूची बातमी फोनवर येते, तेव्हा कॅमेरा त्या फोनपाशीच थांबतो. अपवाद एकच, तो म्हणजे खुनाचा प्रसंग. आर्चर निर्धास्त उभा आहे. समोरून पिस्तूल पुढे येते, गोळी सुटते. पिस्तूल धरणारा चेहरा मात्र दिसत नाही.

थोड्याच वेळात पोलिस अधिकारी स्पेडला सांगतो, की आर्चरचे पिस्तूल कमरेलाच होते आणि ओव्हरकोटाची बटणे लावलेली होती. वाक्य साधे. प्रेक्षक ते ऐकतो आणि विसरतो, कारण पुढे तो पक्षी येतो, त्याच्या मागावरचे लोक येतात, त्यांची माल्टाच्या सरदारांची लांबलचक हकीकत येते. हे सारे प्रेक्षकाचे लक्ष दुसरीकडे नेण्यासाठी आहे, असे आमचे मत आहे. शेवटी चाकूने खरवडल्यावर पक्षी शिशाचा निघतो.

मग स्पेड पुन्हा त्या ओव्हरकोटाकडे वळतो. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्या मागोमाग अंधाऱ्या गल्लीत शिरताना मुरलेला हेर बटणे लावून, हत्यार झाकून जाईल काय? अनोळखी माणसाबरोबर नाहीच. पण एखाद्या सुंदर स्त्रीने बोलावले तर जाईल. आणि ती स्त्री म्हणजे जिच्यात स्पेडचे स्वतःचे मन गुंतले आहे ती, मेरी ॲस्टरने रंगवलेली ब्रिजिड. खूण पहिल्यापासून आपल्यासमोर होती.

खरा पेच यानंतरचा आहे. आर्चरविषयी स्पेडला प्रेम नव्हते. त्याच्या बायकोशीच स्पेडचे संबंध होते. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी त्याने दारावरच्या पाटीवरून आर्चरचे नाव काढावयास सांगितले. असा माणूस प्रेयसीला पोलिसांच्या हाती का देतो? तो जमाखर्च मांडावा तशी कारणे मोजतो: भागीदार मारला गेला तर धंद्यातल्या माणसाने गप्प बसू नये, आज हिला सोडले तर उद्या आपलीही पाळी येईल. दुसऱ्या बाजूला एकच रक्कम, की कदाचित आपले दोघांचे एकमेकांवर प्रेम असेल. बोगार्ट हे बोलतो तेव्हा त्याचा चेहरा घामेजला आहे, आणि हिशेब बरोबर असूनही त्याला तो पचत नाही.

पोलिस तिला घेऊन निघतात. लिफ्टचे गजांचे दार ओढले जाते, तिच्या चेहऱ्यावर सावल्या पडतात, लिफ्ट खाली जाते. स्पेड तो शिशाचा पक्षी उचलून शेजारच्या जिन्याने उतरू लागतो.