बाळगोळी

‘बाळगोळी’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी ऐकला असेल. तान्ह्या मुलाने रडू नये म्हणून त्यास द्यावयाची अफूची बारीक गोळी, ती बाळगोळी. मुंबईच्या कामकरी बायकांत तिचा प्रघात किती होता, हे डॉ. बार्न्स ह्या बाईंनी 1922 साली नमूद केले आहे: शंभर अर्भकांपैकी 98 अर्भकांस अफू दिली जात असे. आमच्या वऱ्हाडातही कापूस वेचणीस व अकोला-अमरावतीच्या जिनांत जाणाऱ्या आया लेकरास अफू चाटवून झोळीत निजवीत, असे आम्ही आमच्या आजीच्या तोंडून ऐकले आहे. त्यांस निर्दय म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. रोज बुडाला तर चूल पेटत नसे, आणि मूल सांभाळण्यास घरी कोणी नसे.

अफूने मूल निजते, परंतु ती झोप स्वाभाविक नव्हे. मेंदूच्या ज्या भागावर श्वासोच्छ्वास अवलंबून असतो, त्यासच अफूतील मॉर्फिन मंद करते. मात्रा वाढली की श्वास विरळ होतो, ओठ निळे पडतात, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि अखेरीस श्वास थांबतो. दाण्याएवढी म्हणून दिलेली गोळी कधी दोन दाण्यांएवढी होई; तराजू कोणाजवळ होता? शिवाय सवयीने मात्रा वाढवावी लागते, आणि मध्ये खंड पडल्यावर तीच जुनी मात्रा प्राणघातक ठरते. व्यसन सोडून पुन्हा त्याकडे वळलेले कित्येक तरुण आजही ह्याच कारणाने दगावतात.

अशा गेलेल्या लेकरांची गणती कोणी ठेविली नाही. ‘दृष्ट लागली’, ‘झोपेतच गेले’, एवढे बोलून घरचे गप्प बसत. तरुण मुलगा गेला तरी आजही घरे अशीच गप्प बसतात. हे मौन मोडावे म्हणून ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे 2001 साली 31 ऑगस्ट हा दिवस अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने मेलेल्यांच्या स्मरणार्थ पाळण्यास आरंभ झाला. आता तो अनेक देशांत पाळतात. त्या दिवशी आप्त मृताचे नाव लाज न बाळगता घेतात.

कोडीन घातलेले खोकल्याचे औषध हेही अफूच्याच कुळातले होय, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अशा द्रव्याने निजलेला मनुष्य हलवूनही जागा होत नसेल व त्याचा श्वास घरघरत असेल, तर ‘निजू द्या’ असे म्हणू नये. तत्काळ 108 क्रमांकावर कळवावे, श्वास चालू असल्यास त्यास कुशीवर निजवावे, आणि काय घेतले ते डॉक्टरांस खरे सांगावे. नॅलोक्सोन हे औषध वेळीच टोचले तर अफूचा अंमल उतरतो. मात्र ह्या औषधाचा प्रभाव अफूच्या आधी ओसरू शकतो, म्हणून रोगी उठून बोलू लागला तरी त्यास लगेच घरी आणू नये.