आठवत नाही, पण हाताला येतं

काल शिकलेली गोष्ट आज अजिबात आठवत नाही, तरीही ती करता येते! मेंदूबद्दल जे काही वाचलं, त्यात मला याहून थक्क करणारं काही सापडलेलं नाही.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या, नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर घडलेलं काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायला दिली. तीन दिवस हा प्रयोग चालला. रोज त्याला ते काम नवंच वाटे आणि रोज त्याच्या चुका कमी होत जात. घडलेलं लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि हाताला वळण लावणारी वेगळी, हे तिथे लख्ख दिसलं.

अल्झायमरमध्ये यातली पहिली लवकर ढासळते, दुसरी बराच काळ तग धरते. म्हणून कन्नड तालुक्यातल्या एखाद्या घरात, सकाळी आपण जेवलो की नाही हे न आठवणारी आजी परातीशी बसली, की पीठ नीट मळते, भाकरी गोल थापते, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवते आणि नेमक्या वेळी उलटते. साठ वर्षांची सवय ती, असं आपण म्हणतो. पण मोबाइलसारखी अगदी नवी वस्तूसुद्धा या हाताच्या स्मृतीत घालता येते.

१९८६ साली टोरंटोत एलिझाबेथ ग्लिस्की आणि डॅनियल शॅक्टर यांनी स्मृती गमावलेल्या माणसांना संगणक वापरायला शिकवलं. आधी शब्द ओळखता येईल इतकी अक्षरं दाखवायची, मग दर वेळी त्यातलं एकेक अक्षर कमी करत जायचं. पुढे १९९४ मध्ये ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी दाखवून दिलं, की अशा माणसाला शिकताना चूक होऊच देऊ नये. आपल्याला चूक आठवते म्हणून आपण ती टाळतो. त्याला ती आठवत नाही, पण हाताला वळण मात्र चुकीचंच लागतं.

आपण घरी नेमकं उलट करतो. “आजी, काल शिकवलं होतं ना, आठवतंय का?” असं विचारतो. ती अंदाजाने कुठेतरी दाबते आणि ओशाळते. त्याऐवजी तिचं बोट धरून लेकीच्या फोटोवर ठेवायचं, फोन लागला की शाबासकी द्यायची. थोड्या वेळाने पुन्हा, मग तासाभराने पुन्हा. स्क्रीनवर तीन-चार फोटो, बाकी सगळं काढून टाकलेलं. फोन कायम त्याच कोनाड्यात.

औषधाचंही तसंच. नुसता गजर वाजला तर तो कशासाठी वाजला, हेच कळत नाही. नातवाच्या आवाजात “आजी, बीपीची गोळी घे, डबीतला पहिला कप्पा” असं ऐकू आलं तर हात डबीकडे जातो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या मायकल स्कलिन यांनी सौम्य विस्मरण असलेल्या ५२ ज्येष्ठांना चार आठवडे स्मार्टफोनच्या मदतीने कामांची आठवण ठेवायला शिकवलं. ठरवलेली कामं करण्यात त्यांची प्रगती झाली.

अशी माणसं घराबाहेर पडली की वाटही चुकतात, आणि त्याचं कारण तर आणखी नवलाचं. मेंदूत जागेचा नकाशा राखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. या नकाशातला एक महत्त्वाचा भाग अल्झायमर अगदी सुरुवातीलाच पोखरतो. गल्लीत अमक्याची आजी म्हणून सगळे ओळखतील, पण सोलापूर-धुळे महामार्गावर पोचलेल्या म्हातारीला कोण ओळखणार? तिथे गळ्यातला क्यूआर कोड बोलतो: तो मोबाइलने स्कॅन केला की घरच्यांचा नंबर मिळतो. मुंबईत अक्षय रिडलान या तरुण अभियंत्याने ‘चेतना’ प्रकल्पातून अशी लॉकेटं तयार केली. २०२३ मध्ये हरवलेला एक मुलगा अशाच लॉकेटमुळे घरी पोचला. स्वतःबद्दल सांगता न येणाऱ्या मुलासाठी जे चाललं, ते पत्ता विसरलेल्या आबांसाठीही चालेल.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ चा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत प्रमाण जास्त. म्हणजे कन्नडसारख्या तालुक्यांचाही हा प्रश्न आहे, आणि आजीला साधा फोन पुरे, हे आपण परस्पर ठरवून टाकतो याचं मला फार वाईट वाटतं. विस्मरण थोडं असतानाच शिकवायला घ्यावं. तेव्हा वळण लवकर बसतं. पुढे फोन बिघडला तर शक्यतो त्याच मॉडेलचा घ्यावा आणि अपडेट झाला की लेकीचा फोटो पुन्हा आधीच्याच जागी आणून ठेवावा, कारण आजीचं बोट तिथेच जाणार आहे.