ओल ओळखणारे हात

प्रौढ वयात चाकावरचे कुंभारकाम शिकणे म्हणजे मुख्यतः मातीतली ओल ओळखायला शिकणे. भांडे उभे करणे, त्याचे बूड तासणे, नक्षी काढणे, भाजणे ही सगळी कामे ओलीच्या आपापल्या ठरावीक टप्प्यावर करायची असतात. टप्पा चुकला की हातातले कसब कामी येत नाही. सोलापुरात हे लवकर कळते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते आणि चाकावरून उतरवलेल्या वाटीची कड बूड ओले असतानाच पांढुरकी पडू लागते.

जिल्ह्यातली बरीचशी जमीन काळी आहे, बेसॉल्ट खडक झिजून झालेली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच आकसण्याच्या. निव्वळ अशा मातीचे भांडे वाळतानाच तडकेल. म्हणून कुंभार नदीचा किंवा तळ्याचा गाळ निवडतात आणि त्यात लीद, राख किंवा बारीक वाळू मिसळतात. या भरीमुळे माती कमी आकसते आणि आतले पाणी बाहेर पडायला वाट मिळते. भर फार झाली तर मात्र चिकटपणा जातो. थंड पाण्यात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, तशी ही माती चाकावर चिरते. मळताना हवेचे बुडबुडे निघाले पाहिजेत आणि ओल सगळीकडे सारखी झाली पाहिजे. तारेने गोळा मधोमध कापून पाहिला की राहिलेली पोकळी लगेच दिसते. नवशिक्याला हे काम कंटाळवाणे वाटते, पण चाकावरच्या निम्म्या अडचणी इथेच मिटतात.

चाकावर पहिली कसोटी असते गोळा मध्यावर आणण्याची. गोळा जरासा जरी एका बाजूला असला तरी प्रत्येक फेऱ्याला हाताला धक्का देतो. शिकणारा त्या धक्क्याबरोबर हात हलवत राहतो आणि गोळा वाकडाच राहतो. उपाय ताकदीत नाही, बसण्यात आहे. कोपर मांडीवर किंवा कमरेशी घट्ट टेकवायचे, एका तळव्याने बाजूने रेटायचे, दुसऱ्याने वरून दाबायचे आणि हात जागचा हलू द्यायचा नाही. मग हळूहळू माती हाताचे ऐकू लागते आणि फिरणारा गोळा स्थिर असल्यासारखा दिसतो. पुढे अंगठ्याने मध्यात खळगा करायचा, बूड दाबून घ्यायचे आणि आतल्या-बाहेरच्या बोटांच्या चिमटीत भिंत वर ओढायची. बोटे चाकाच्या गतीपेक्षा घाईने वर गेली तर भिंतीला नागमोडी जाड-पातळपणा येतो. पाणी फार वापरले तर भिंत मऊ पडून बसते. मोठ्या माणसाला कारण समजते, पण समज हातात उतरायला वेळ लागतो. कुंभाराच्या घरातले मूल चाकाशेजारी वाढते. ओल्या मातीची चमक आणि तिचा आवाज त्याच्या ओळखीचे असतात. आठवड्यातून एकदा दोन तास बसणाऱ्याने तेवढ्या सरावाची अपेक्षा धरू नये. रोज अर्धा तास बसणे जास्त उपयोगी.

पारंपरिक जड चाक काठीने फिरवतात. वेग हळूहळू ओसरतो, त्यामुळे वेगवान काम आधी आणि नाजूक काम शेवटी हा क्रम आपोआप अंगी मुरतो. विजेच्या चाकावर वेग पायाने बदलता येतो; सुरुवातीला ते सोयीचे, पण वेग कधी उतरवायचा हे स्वतः ठरवावे लागते. मोठा माठ तर एकट्या चाकावर पुरा होतच नाही. आधी जाड भिंतीचे भांडे उतरवतात आणि ते थोडे सुकल्यावर आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात. ठोकता ठोकता पोट फुगते आणि भिंत पातळ व दाट होते. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी संत गोरोबाकाकांची, म्हणजे गोरा कुंभारांची, समाधी आहे. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्का, कोण कच्चा हे पारखले, ही कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे. थापटणे मारून मडक्याचा आवाज ऐकण्याच्या रोजच्या सवयीतूनच ती सुचली असावी.

सजावट भांडे झाल्यावर शिकायची वेगळी विद्या नाही. ती सुरुवातीपासून बरोबर शिकावी. भांडे चाकावर ओले असताना टोकदार काडी टेकवली की फिरती रेघ उमटते. निमसुक्या अवस्थेत, म्हणजे नखाची खूण पडते पण भिंत वाकत नाही तेव्हा, बूड तासणे, कान जोडणे, ठसे उठवणे, कोरणे ही कामे होतात. वेगळ्या रंगाच्या मातीचा पातळ लेपही तेव्हाच द्यावा. लेप जरा आवळला की तो खरवडून खालचा रंग उघडा करता येतो. भांडे पुरते वाळल्यावर दिलेला लेप बऱ्याचदा सोलून निघतो, कारण भांडे आकसून झालेले असते आणि लेपाचे आकसणे बाकी असते. गुळगुळीत गारगोटीने घोटून येणारी झळाळी याहून थोड्या कोरड्या भांड्यावर येते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे टप्पे झपाट्याने सरतात. ओले फडके आणि प्लास्टिकची पिशवी ही इथली खरी हत्यारे.

भीमेच्या खोऱ्यात ही कला जुनी आहे. घोड नदी भीमेला मिळते. तिच्या काठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची भांडी मिळाली. इ.स.पू. सुमारे 1400 ते 1000 या काळातली ही चाकावरची तांबडी, पातळ आणि खणखणीत भांडी. त्यांवर काळ्या रंगात भौमितिक नक्षी आहे आणि ती भाजण्याआधी काढलेली आहे. नवशिक्याने या नक्षीचा अभ्यास जरूर करावा. चित्र बहुधा खांद्याच्या आसपास पट्ट्यात बसवलेले असते, बाकी अंग मोकळे सोडलेले. भांड्याचा घाट सगळीकडे रेघा मारून झाकला जात नाही.

भाजणीत ओलीचा शेवटचा हिशेब होतो. वाळलेले दिसणारे भांडेही आत दमट असेल तर वाफ होऊन फुटते, म्हणून सुरुवातीची आच मंद ठेवतात. मातीच्या कणांत बांधलेले पाणी साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघून जाते आणि माती पुन्हा कधी भिजून मऊ होत नाही. 573 अंशांना मातीतली गारेची पूड एकदम प्रसरण पावते. थंड होताना याच तापमानाला ती एकदम आकसते आणि भांडी तडकू शकतात. भरपूर हवा मिळाली तर लोहामुळे काळी मातीही तांबडी निघते, आणि धूर कोंडला तर भांडे काळे होते. माठ बिनचकाकीचा ठेवतात, कारण पाझरलेले पाणी बाहेर उडून गेले तरच आतले गार होते. ताटवाट्यांना मात्र काचेसारखी चकाकी हवी. तिच्यात शिसे असू नये. आंबट पदार्थात ते उतरते.

शिकण्यासाठी खानापूरची खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्था सीमाभागात आहे, विदर्भात भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा मातीकामाचा विभाग आहे. पण सोलापूरकराने आधी गावातल्या कुंभाराकडे जावे, तेही पौषात. संक्रांतीला सुगडी लागतात. त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची, म्हणजेच सिद्धरामेश्वरांची, यात्रा भरते आणि त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. शहराच्या सर्वांत मोठ्या उत्सवात कुंभाराच्या घराला असे स्थान आहे. त्या काळात एकाच मोठ्या गोळ्याच्या टोकावरून दोऱ्याने कापत एकामागून एक सुगडे उतरताना पाहायला मिळते. हात कुठे थांबतो, पाणी किती कमी लागते आणि उतरवलेली सुगडी सावलीत कशी मांडतात, हे तिथे बसून नीट पाहून घ्यावे. हवा थंड असल्याने वाळणेही सावकाश होते, त्यामुळे चाकावर बसायला नवशिक्याला हेच दिवस बरे.