पहिले पंधरा दिवस

आकड्यांशी माझा फारसा स्नेह नाही. तरीही एका परिसंवादात एका मनोविकारतज्ज्ञांनी चहाच्या सुटीत सहज सांगितलेला एक आकडा त्या दिवसापासून माझा पिच्छा सोडीना. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कारागृहांतून सुटलेल्या तीस हजारांवर बंद्यांचे पुढे काय झाले, याचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला असून, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मादक द्रव्याच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा संभव त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या मानाने १२९ पट असल्याचे त्यात दिसून आले. नित्याच्या सेवनाने शरीराच्या अंगी जी सहनशक्ती आलेली असते, ती कारावासातल्या सक्तीच्या वर्ज्यतेने काही आठवड्यांतच ओसरते. मात्र सुटलेल्या इसमाला आपली जुनी मात्रा पक्की स्मरत असते, आणि तीच मात्रा आता त्याचा श्वास थांबवावयास पुरेशी होते. आपल्या राज्यातील एका मध्यवर्ती कारागृहात व्यसनग्रस्त बंद्यांना सुटकेपूर्वी मार्गदर्शन करण्याचे काम चालते असे कळल्यावर, अर्ज, शिफारस आणि खातरजमा हे सारे सोपस्कार पार पाडून मी तेथे गेलो तो या आकड्यामुळे.

कारागृहाचा दवाखाना आणि कांबळ्यांची कोठी यांच्या मधली एक चिंचोळी खोली या कामासाठी देण्यात आलेली आहे. फिनेल आणि दमट लोकर यांचा तेथील संमिश्र वास घरी आल्यावरही कपड्यांतून जात नसे. समुपदेशक साठीच्या आसपासचे गृहस्थ. स्वतः ऐन तारुण्यात गर्दच्या पायी घरादाराला मुकलेले आणि पुढे उपचार घेऊन सावरलेले. बंदी त्यांना ‘काका’ म्हणत. अधिकारीही काकाच म्हणत; पण त्या म्हणण्यात थोडी मौज असे, बंद्यांच्या म्हणण्यात ती नसे.

नव्या बंद्याची वैद्यकीय तपासणी, गर्द सुटल्यावर येणारी अंगदुखी, जुलाब आणि निद्रानाश, ज्याला ही मंडळी ‘टर्की’ म्हणतात, दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांत होणारे कंप आणि भास, त्यांवरच्या गोळ्या व जीवनसत्त्वाची इंजेक्शने, आणि मग आठवड्याची सामुदायिक बैठक, हा क्रम कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्रासारखाच. मला जे पुन्हापुन्हा तेथे ओढून नेई, ते त्यानंतरचे. काका बंद्यापुढे एक कोरा कागद आणि शिसपेन्सिल ठेवीत.

“गेटातून बाहेर पडलास की कुठल्या अंगाला वळशील?” त्यांनी एका तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाला विचारले.

“स्टँडकडे, काका.”

“काढ रस्ता. वाटेत काय काय लागतं?”

त्याने चहाची टपरी काढली, रसवंती काढली, देशी दारूचे दुकान काढले, पूल काढला, आणि पुलापाशी पेन्सिल थबकली. “खाली पोरं बसलेली असतात,” तो म्हणाला.

“दुसरी वाट?”

“आहे. लांबची आहे. पंधरा मिनिटं जास्त.”

“मग तिनं जा.”

तो तरुण कसनुसा हसला. “खिशात पैसे असले, की पाय लांबच्या वाटेनं जात नाहीत, काका.”

मी आजवर व्यसनाविषयी जी पांडित्यपूर्ण विवेचने वाचली, त्यांतील एकाही वाक्याने मला इतके काही सांगितले नव्हते. कारखान्यातील कामाचे साचलेले वेतन सुटकेच्या वेळी बंद्याच्या हाती पडते. श्रमाचा हा मोबदला न्याय्यच आहे, आणि तरी ज्याला मोहाची सर्वांत अधिक धास्ती त्याला नेमक्या त्याच क्षणी रोकड देऊन रस्त्यावर सोडण्याची ही व्यवस्था पाहून मन खंतावते. काकांचा उपाय साधा होता: सुटकेच्या दिवशी घरचे कोणी गेटाशी यावे आणि पैसे त्याने ठेवावे. “बहिणीला बोलाव,” ते म्हणाले. “ती नाही यायची,” तो म्हणाला. त्यावर उपदेश न करता काकांनी तिचा फोन नंबर वहीत उतरून घेतला. पुण्यात १९८६ साली अनिल व सुनंदा अवचट यांनी उभारलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाइतकाच त्याच्या घरच्यांचाही विचार केला, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविला. काकांची वही त्याच परंपरेतली.

त्या तरुणाविषयी एका अधिकाऱ्यांनी मला सौजन्याने समजाविले, “आठ महिने इथं त्यानं काही घेतलेलं नाही, म्हणजे व्यसन सुटलंच की!” बंद दाराआडच्या या वर्ज्यतेला उपचार मानण्याचा मोह किती स्वाभाविक आहे! दर वर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाच्या निमित्ताने येथे सामुदायिक शपथ होते, पाहुण्यांचे भाषण होते, छायाचित्रे निघतात. शपथेला खर्च लागत नाही. उलटपक्षी दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ पासून अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनींना ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध देण्यास प्रारंभ झाला. स्कॉटलंडने तर २०११ पासून अतिमात्रेवरचा उतारा, नॅलॉक्सोन, सुटणाऱ्या बंद्यांच्या हाती देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. औषधाने नशा तोडणे म्हणजे व्यसनाचे लाड, असे म्हणणाऱ्या सज्जनांना मी १२९ हा आकडा ऐकवतो. हा आकडा परदेशचा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण ओसरलेल्या सहनशक्तीला सरहद्द नसते.

यापुढची अडचण मला तेथे गेल्यावाचून उमगली नसती. ‘सुटकेपूर्वी’ हा शब्दप्रयोग ज्याच्या सुटकेची तारीख ठाऊक आहे त्यालाच लागू पडतो. शिक्षा झालेल्या बंद्याच्या माफीचे दिवस दप्तरी हिशेबून त्याची तारीख कळते, आणि तीन महिने आधी तयारी आरंभिता येते. परंतु २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील सुमारे पावणेसहा लाख बंद्यांपैकी शेकडा पंचाहत्तरांहून अधिक कच्चे कैदी होते. यांचा जामीन आज होईल की वर्षाने, हे कोणी सांगावे? मुंबईच्या ऑर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे आदेश टाकण्याची पेटी आहे. तसा एखादा कागद यावा, नाव पुकारले जावे, आणि कांबळे परत करून माणूस घटकेत बाहेर पडावा, असा हा प्रकार. म्हणून काकांनी क्रमच उलटा केला आहे. टर्की उतरून बंदी ताठ बसू लागला की पहिल्याच भेटीत कागद-पेन्सिल. समुपदेशनाचे इतर सारे पाठ त्यानंतर.

त्या तरुणाचा जामीन असाच एका संध्याकाळी, काका घरी गेल्यावर, मंजूर होऊन आला. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे तांबडी रेघ होती. जामिनाची वर्दी समुपदेशकास तत्काळ मिळावी असा काकांचा अर्ज पूर्वीच गेलेला आहे. तो अभिप्रायार्थ एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरतो आहे, आणि तोवर गेटावरचा एक कारकून आपणहून त्यांना मिस्ड कॉल देतो. त्या संध्याकाळी त्या कारकुनाची रजा होती.

काकांनी वहीतला नंबर फिरविला. बहीण चिडून बोलत होती. आवाज मलाही ऐकू येत होता. तो रात्री अकराला तिच्या दाराशी आला, कुठल्या वाटेने आला ते तिला ठाऊक नाही, पैसे निम्मे होते, आणि तिने त्याला घरात घेतले, पण फक्त महिनाभर. काकांनी तिला रोज एक प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. पुढे मी गेलो तेव्हा त्या नावापुढे नऊ खुणा होत्या, काकांनी फोन लावला, “जेवला का?” एवढेच विचारले, दहावी खूण केली, आणि दाराशी ताटकळलेल्या नव्या बंद्यापुढे कोरा कागद सरकविला.