थिनरने हात उलतात : ॲलर्जी की नुसती जळजळ?

आसनगाव, वासिंद, आटगावच्या कारखान्यांत किंवा रंगकामावर जाणाऱ्यांच्या हाताला थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल लागतेच. बेचक्यात खाज सुटते, कातडी उलते आणि घरात लगेच ठरते, "ॲलर्जी आहे." पण दर वेळी ती ॲलर्जी नसते. फरक कळला तर काम सोडायचे की फक्त सवय बदलायची, हे ठरवता येते.

थिनरमधली टोल्युइन, ॲसिटोनसारखी द्रावके कातडीवरचे तेल काढून घेतात. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, झोंबते. हे कोणालाही होते. जितका वेळ हात भिजतो तितका त्रास जास्त. थिनर बंद केले की हळूहळू बरे वाटते. ही जळजळ, ॲलर्जी नव्हे.

ॲलर्जीत आधी महिनोन्‌महिने, कधी वर्षेही काही होत नाही. मग एकदा शरीर त्या पदार्थावर उलटले, की जरासा स्पर्श झाला तरी एक-दोन दिवसांत खाज, पुरळ, पाण्याचे फोड येतात; कधी पदार्थ लागला त्या जागेपलीकडेही पसरतात. टर्पेंटाइन हे जुने उदाहरण. हवा लागून त्यात जी द्रव्ये तयार होतात, ती ॲलर्जी करतात. कधी दोष द्रावकाचा नसतोच; रंगातले इपॉक्सी, सिमेंटमधले क्रोमियम किंवा रबरी हातमोजाही कारण असतो.

कसे ओळखाल?

• डब्यावरचे लेबल वाचा. मालाचे सुरक्षा माहितीपत्रक सुपरवायझरकडे मागा. त्यात 'एच ३१७' असेल तर ॲलर्जीचा धोका, 'एच ३१५' म्हणजे जळजळीचा.
• सुट्टीत बरे होते का, कामावर गेल्यावर पुन्हा उठते का, हे लिहून ठेवा.
• त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. घरी थिनर लावून प्रयोग करू नका.

काळजी : थिनरने हात धुऊ नका. खाण्याचे तेल चोळून रंग पुसा, मग साबण लावा. नंतर व्हॅसलीन लावा. पातळ रबरी मोज्यांतून थिनर आत झिरपते. त्या द्रावकाला टिकणारे मोजे मागा.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ साली, कामगार आरोग्यविम्याचा आडारकर अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ईएसआयचे पैसे पगारातून कापले जात असतील, तर तिथले उपचार हा आपला हक्क आहे. डॉक्टरांना 'हाताला खाज' एवढेच सांगू नका. काम कोणते आणि हाताला काय लागते, तेही सांगा.